कोड लिहायला बसलं की सुचणंच बंद होतं? लॅबपासून ओरलपर्यंत काय करायचं

प्रोग्रामिंगच्या प्रॅक्टिकलची स्लिप, म्हणजे प्रश्नाची चिठ्ठी, हातात येते. प्रश्न ओळखीचा असतो, आदल्या रात्री केलेलाही असतो. तरी स्क्रीनवर कर्सर लुकलुकत राहतो आणि पहिली ओळच सुचत नाही. पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये परीक्षेच्या दिवशी डोकावलात, तर अशी मुलं दिसतातच. त्यात बारावीला गणितात नव्वदच्या वर मार्क असलेलीही असतात. मी लॅबमध्ये शिकवते, आणि माझं स्पष्ट मत आहे की यांतल्या बहुतेकांची अडचण ‘लॉजिक जमत नाही’ ही नसते. आपल्याकडे सराव ज्या पद्धतीने होतो, ती पद्धतच भीती वाढवते. जर्नलमधला प्रोग्राम उतरवायचा, रन करायचा, आउटपुट आलं तर सुटलो, एरर आला तर मेलो. वर्षभर हेच चाललं की लाल अक्षरं दिसताच छातीत धस्स होणारच.

बारकाईने पाहिलं तर डोक्यात घडतं ते असं. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या असतात. नवख्या माणसाला त्याच थोड्या जागेत प्रश्न काय आहे, कंस कुठे बंद करायचा, फेऱ्या मोजणाऱ्या ‘आय’ची किंमत आत्ता किती झाली, हे सगळं सांभाळायचं असतं. त्यात ‘आता एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) मागे येऊन उभे राहतील’ हा विचार शिरला की तोही तीच जागा खातो. म्हणून येत असलेलंही आठवत नाही. बुद्धी जागेवरच असते, जागा मात्र अडलेली असते.

खाली दिलेल्या बहुतेक सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे: रन करायच्या आधी काय होणार ते स्वतः ठरवायचं. आधी भीती जाईल आणि मग कोड येईल, असं होत नाही. ‘मी म्हटलं तसंच झालं’ हा अनुभव पुन्हा पुन्हा आला की भीतीची धार आपोआप कमी होत जाते.

पायरी १: भीती नेमकी कशाची, ते शोधा

‘मला प्रोग्रामिंगची भीती वाटते’ एवढ्यावर काही उपाय सापडत नाही. एक कागद घ्या आणि हात-पाय गार पडतात तो नेमका क्षण कोणता, ते लिहा.

बीड किंवा लातूरहून आलेला, मराठी माध्यमातून शिकलेला मुलगा अनेकदा भाषेला घाबरलेला असतो. शेजारी बसलेल्याने शाळेतच पायथन केलेलं असतं, सर भराभर इंग्रजीत बोलतात, आणि याला वाटतं आपणच मागे. याचा इलाज सोपा आहे. एररमध्ये आणि असाइनमेंटमध्ये फिरून फिरून तेच शब्द येतात: एक्स्पेक्टेड, अनडिक्लेअर्ड, आर्ग्युमेंट, रिटर्न, रेंज, टाइप. वहीच्या शेवटच्या पानावर एकेक शब्द आणि त्याचा अर्थ आपल्या बोलीत लिहा. ‘अनडिक्लेअर्ड’ समोर ‘हे नाव मी आधी सांगितलेलंच नाही’ एवढं पुरतं. यादी दोन पानांच्या पुढे फारशी जात नाही.

कुणाला मागे उभ्या असलेल्या माणसाची भीती वाटते. घरी सगळं जमतं, लॅबमध्ये कुणी स्क्रीन बघायला लागलं की बोटं थांबतात. यांनी एकट्याने कितीही सराव केला तरी तो पुरत नाही. त्यांना कुणाच्या तरी समोर बसूनच सराव करावा लागतो. त्याबद्दल पुढे.

आणि काहींना कोड जमतो, भीती असते ती प्लेसमेंटची. पहिल्या वर्षापासून हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपन्या, पॅकेज एवढंच कानावर पडत असतं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर सीनियरच्या ऑफरचे फोटो येतात. यांना माझं सांगणं एवढंच की तो ग्रुप म्यूट करा आणि आजच्या असाइनमेंटला बसा. तिसऱ्या वर्षाची काळजी पहिल्या वर्षाच्या लॅबमध्ये आणून काही हाती लागत नाही.

पायरी २: कीबोर्डला हात लावण्याआधी मराठीत लिहा

रिकाम्या स्क्रीनसमोर विचार करायचा नाही, विचार कागदावर करायचा. तोही ज्या भाषेत तुम्ही घरी बोलता त्या भाषेत.

नेहमीचा प्रश्न घेऊ: दिलेल्या संख्येतल्या अंकांची बेरीज काढा. संख्या घ्या ४०५२. उत्तर ११ यायला हवं, ते आधी हाताने काढून कोपऱ्यात लिहून ठेवा. आता लहान भावाला सांगत असल्यासारखं लिहा:

शेवटचा अंक सुटा कर. तो बेरजेत टाक. संख्येतून तो अंक खोडून टाक. संख्या शून्य होईपर्यंत हेच कर.

लॉजिक एवढंच. शेवटचा अंक सुटा करायचा म्हणजे दहाने भागून बाकी घ्यायची, खोडायचा म्हणजे दहाने भागून पूर्ण भागाकार ठेवायचा. आता प्रत्येक मराठी ओळीसमोर कोडची एकेक ओळ लिहा. काही मुलं म्हणतात, ‘मॅम, यात वेळ जातो.’ जातो, पाचेक मिनिटं जातात. स्क्रीनकडे बघत अर्धा तास घालवण्यापेक्षा ती बरी. शिवाय एंडसेमच्या, म्हणजे सत्राअखेरच्या लेखी पेपरला कोड कागदावरच लिहायचा असतो, त्याचा सराव इथेच होऊन जातो.

पायरी ३: अंदाज आधी, रन नंतर

सगळ्यात जास्त वेळ द्यावा अशी पायरी हीच.

कागदावर दोन रकाने आखा: संख्या आणि बेरीज. प्रत्येक फेरीनंतर दोन्हींची किंमत हाताने भरा. पहिल्या फेरीनंतर संख्या ४०५, बेरीज २. दुसऱ्यानंतर ४० आणि ७. तिसऱ्यानंतर ४ आणि ७, कारण शून्य मिळवलं. चौथ्यानंतर ० आणि ११. लूप, म्हणजे फेऱ्यांचं चक्र, थांबला. आता रन करा.

समजा पायथनमध्ये लिहिलंत आणि उत्तर आलं १२.२२२ आणि पुढे दोनच दोन. आता दोन गोष्टी होऊ शकतात. तक्ता नसेल तर ‘मला काहीच येत नाही’ म्हणून पुस्तक मिटतं. तक्ता असेल तर शोध कुठून सुरू करायचा ते ठरलेलं असतं. लूपच्या आत संख्या प्रिंट करा आणि तक्त्याशी ताडून बघा. पहिल्याच फेरीनंतर तक्ता म्हणतो ४०५, स्क्रीन म्हणते ४०५.२. सापडलं! पायथन ३ मध्ये एक तिरकी रेघ (/) दिली की भागाकार दशांशात येतो, पूर्ण भागाकारासाठी दोन तिरक्या रेघा द्याव्या लागतात. संख्या ४०५.२, मग ४०.५२, मग ४.०५२ अशी झिजत राहिली, शून्य लवकर झालीच नाही, आणि प्रत्येक फेरीत उरलेले दशांश बेरजेत पडत गेले. म्हणून ११ च्या जागी १२.२२२ आलं. सी मध्ये दोन्ही संख्या ‘इंट’ (पूर्णांक) असल्या की तीच एक रेघ बरोबर चालते, त्यामुळे सी शिकून पायथनकडे आलेली मुलं इथे हमखास अडकतात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दोन भाषांचे नियम वेगळे आहेत, एवढंच.

ज्या मुलांनी हा तक्ता एकदा मनापासून भरला, त्यांच्या चेहऱ्यावरचा फरक मला दिसतो. चुकीचं उत्तर बघून ती मागे सरकत नाहीत, पुढे वाकतात.

हाताने तक्ता भरणं अवघड जात असेल तर पायथन ट्यूटर ही मोफत वेबसाइट उघडा. नाव पायथनचं असलं तरी तिथे सी, सी प्लस प्लस आणि जावाही चालतं. कोड टाकला की एकेक ओळ पुढे सरकते आणि प्रत्येक व्हेरिएबलमध्ये (किंमत ठेवायला दिलेल्या नावात) काय आहे ते चित्रात दिसतं. पण ‘नेक्स्ट’ दाबण्याआधी पुढे काय होईल ते तोंडाने म्हणा. नुसतं बघत बसलात तर उपयोग नाही.

दुसरी सवय म्हणजे तीन-चार ओळी लिहिल्या की रन करायचं. चाळीस ओळी एकदम लिहून रन केलं आणि काही बिघडलं, तर संशयित चाळीस. चार ओळींनंतर केलं तर चार.

पायरी ४: एरर वाचायची रीत

एरर आला की बहुतेक मुलं तो वाचतच नाहीत. डोळे लाल रंगावरून घसरतात आणि हात थेट कोड खोडायला जातात. त्याऐवजी हात मांडीवर ठेवा आणि एरर मोठ्याने वाचा. खरंच मोठ्याने.

पायथनमध्ये एररची शेवटची ओळ आधी वाचायची. काय झालं ते तिथे असतं, कुठे झालं तो ओळीचा नंबर त्याच्या वर. ‘नेमएरर’ म्हणजे त्या नावाचं काही आधी तयारच केलेलं नाही, बहुधा स्पेलिंग चुकलंय. ‘इंडेक्सएरर, लिस्ट इंडेक्स आऊट ऑफ रेंज’ म्हणजे पाच जणांच्या यादीतला सहावा मागितला. मोजणी शून्यापासून सुरू होते, त्यामुळे पाच जणांतल्या शेवटच्याचा नंबर चार असतो. ‘इंडेंटेशनएरर’ म्हणजे डावीकडची मोकळी जागा बिघडली.

सी मध्ये उलटं करा. एकदम पंधरा एरर आले तर फक्त पहिला बघा. एक अर्धविराम राहिला की कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम) पुढचं सगळंच चुकीचं वाचत जातो. पहिला दुरुस्त करून पुन्हा कंपाइल केलं की उरलेले बरेचसे आपोआप जातात. दाखवलेल्या ओळीवर काही चुकीचं दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ तपासा. राहिलेला अर्धविराम अनेकदा तिथे असतो.

‘सेगमेंटेशन फॉल्ट’ला मुलं सगळ्यात जास्त घाबरतात, कारण त्यात ओळीचा नंबरही नसतो. प्रोग्रामने त्याच्या हक्काची नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला, एवढाच त्याचा अर्थ. इनपुट घेणाऱ्या ‘स्कॅनएफ’मध्ये ‘अँड’चं चिन्ह (&) राहिलंय का, अॅरेची (यादीची) हद्द ओलांडली का, पॉइंटरला पत्ता देण्याआधीच तो वापरला का, हे तीन ठिकाणी बघा.

एक जुनी गोष्ट मी दरवर्षी सांगते. १९४९ साली केंब्रिजमध्ये एडसॅक नावाचा संगणक सुरू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी पुढे आठवणींत लिहिलं की त्याच सुमारास जिने चढता-उतरताना त्यांच्या लक्षात आलं, आपल्या आयुष्याचा बराचसा वेळ स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. त्याच विल्क्सना १९६७ मध्ये संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चुका काढत बसणं हेच या कामाचं रोजचं रूप आहे. शिकाऊ मुलांचं तसं आणि तज्ज्ञांचंही तसंच.

पायरी ५: जर्नल, तयार स्लिपा आणि चॅटजीपीटी

बीसीए आणि बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांकडे सोडवलेल्या स्लिपांची पीडीएफ असतेच. इंजिनिअरिंगला सीनियरचं जर्नल असतं. आणि आता सगळ्यांकडे चॅटजीपीटी आहे. वापरू नका असं म्हणून कुणी ऐकणार नाही, आणि तसं म्हणायची गरजही नाही. पण उतरवलेला प्रोग्राम भीती वाढवतो, कारण तो आपला नाही हे आपल्याला आतून माहीत असतं. ओरलला ‘हे व्हेरिएबल का घेतलं?’ विचारलं की पायाखालची जमीन सरकते ती त्यामुळेच.

तयार कोड मिळाला की त्याचे कागदावर तुकडे करा. प्रिंट काढा, एकेक ओळ कात्रीने कापा, पट्ट्या मिसळा आणि पुन्हा क्रमाने लावा. याच धर्तीचे सरावप्रश्न २००६ मध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी मांडले, त्यांना पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. सिंटॅक्सचं, म्हणजे भाषेच्या लिहिण्याच्या नियमांचं, ओझं नसल्याने सगळं लक्ष क्रमावर राहतं, आणि नवख्याला रिकाम्या पानापेक्षा हे खूप हलकं जातं. पट्ट्या जमल्या की एक ओळ काढून ठेवा आणि ती स्वतः लिहा. मग दोन. शेवटी सगळं मिटून पूर्ण प्रोग्राम.

चॅटजीपीटीला उत्तर मागू नका. ‘पूर्ण कोड देऊ नकोस, माझी कुठली ओळ तपासायला हवी तेवढंच सांग’ असं मराठीत लिहिलं तरी चालतं. आणि त्याने काही समजावलं तर खिडकी बंद करून स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून बघा. लिहिता आलं नाही, तर ते अजून समजलेलं नाही.

पायरी ६: विचारायचं कसं आणि कुणाला

वीस मिनिटं स्वतः झटापट करा. त्यानंतर एकट्याने डोकं आपटत बसू नका. पण ‘सर, चालत नाहीये’ एवढंच म्हणालात तर समोरचा माणूस माऊस हातात घेतो, दुरुस्त करून निघून जातो आणि तुम्ही होता तिथेच राहता. तीन वाक्यं तयार ठेवा: मला ११ यायला हवं होतं, १२.२२२ येतंय, पहिल्या फेरीनंतर संख्या ४०५.२ दिसतेय. अर्ध्याहून जास्त वेळा तिसरं वाक्य बोलता बोलताच उत्तर सापडतं.

जोडीने बसा. एकाने टाइप करायचं, दुसऱ्याने फक्त बोलायचं, आणि पंधरा मिनिटांनी अदलाबदल. जोडीदार फार पुढचा नको, साधारण बरोबरीचा हवा. ‘अगं, एवढं पण येत नाही?’ म्हणणारा तर अजिबात नको. मागे कुणी उभं राहिलं की गोठणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण कुणाच्या नजरेसमोर चुकायची सवय होते. जागा मात्र बघून निवडा. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतात, तिथे कुजबुजही चालत नाही. रिकामा वर्ग, कॅन्टीन किंवा रूम बरी.

पायरी ७: प्रॅक्टिकल आणि ओरलचा दिवस

आदल्या रात्री नवं काही वाचू नका. तीन वाजेपर्यंत जागून पाठ केलेल्या स्लिपा सकाळी एकमेकांत मिसळतात.

लॅबबाहेर रांगेत उभे असताना ‘तुझं कुठपर्यंत झालं?’ या गप्पांतून बाजूला व्हा आणि दहा मिनिटं कागदावर मनातली धास्ती लिहा. ‘लिंक्ड लिस्ट आली तर संपलो, बाबांना काय सांगू’ जे असेल ते. हे उगाच सांगत नाही. शिकागो विद्यापीठाच्या जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. परीक्षेच्या लगेच आधी सुमारे दहा मिनिटं आपल्या काळज्या लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना, विशेषतः जास्त घाबरणाऱ्यांना, त्याचा मार्कांत फायदा झाला. मनात घोळणारं कागदावर उतरलं की डोक्यातली अडलेली जागा थोडी मोकळी होते, असं त्याचं कारण सांगितलं जातं.

स्लिप हातात आली की आधी एक उदाहरण आणि त्याचं उत्तर कच्च्या कागदावर लिहा. मग मराठी ओळी. मग सांगाडा टाइप करा: इनपुट घेणं आणि जसंच्या तसं छापणं. तो रन करा. चाललेला छोटा प्रोग्राम हाताशी असला की पुढचं सुचायला लागतं, आणि पूर्ण झालं नाही तरी दाखवायला काहीतरी असतं. मधेच डोकं बंद पडलं तर श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा. असे पाच-सहा श्वास झाले की पुन्हा तक्त्याकडे या, स्क्रीनकडे नाही.

ओरलला आठवलं नाही तर गप्प बसू नका. ‘सर, नेमकं आठवत नाही, पण ही ओळ काढून रन केलं तर काय होईल ते सांगू शकते’ असं म्हणा. विचार करता येतो हे दाखवणाऱ्याला बहुतेक परीक्षक पुढे नेतात.

केटी लागली तर

केटी, म्हणजे विषय राहणं, लागते अनेकांना, आणि त्यातून बाहेरही पडतात. एटीकेटीचे (विषय राहूनही पुढच्या वर्षात जाण्याचे) नियम कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाशी संलग्न, आणि तुमचा पॅटर्न कुठला, यावर बदलतात. सीनियरच्या ऐकीव माहितीवर विसंबू नका, परीक्षा विभागात जाऊन विचारा. घरी मात्र रिझल्टच्याच दिवशी सांगा. लपवलेल्या केटीचं ओझं खऱ्या केटीपेक्षा जड असतं, आणि पुढचा सगळा अभ्यास त्या ओझ्याखाली करावा लागतो.

अभ्यासाच्या पलीकडचं असेल तर

वर सांगितलेलं सगळं अभ्यासाच्या भीतीसाठी आहे. दोन-तीन आठवडे झोपच लागत नाही, मेसला जावंसं वाटत नाही, लॅबच्या दारातून परत फिरता, छाती धडधडून श्वास अडकतो किंवा जगणं नकोसं वाटतं, तर तो प्रोग्रामिंगचा प्रश्न राहिलेला नाही. तिथे डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत लागते. ती घेण्यात कमीपणा नाही.

केंद्र सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. कॉलेजमध्ये आधी तुमच्या जीएफएमना (तुमच्या गटाची जबाबदारी असलेल्या शिक्षकांना) सांगा. मार्कांचं नंतर, आधी झोपेचं आणि खाण्याचं सांगा, म्हणजे गांभीर्य लगेच कळतं. कॉलेजचा समुपदेशक असेल तर त्यांच्याकडून वेळ मिळवा. खासगी डॉक्टर परवडत नसतील तर पुण्यातल्या सरकारी ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

आणि हे वाचणाऱ्या रूममेटसाठी: तुमच्या खोलीत कुणी असं गप्प झालं असेल तर ‘टेन्शन घेऊ नको रे’ म्हणून विषय संपवू नका. त्याला सरळ विचारा, मरणाचे विचार येतात का. असं विचारल्याने ते विचार डोक्यात येत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्या रात्री त्याला एकटं ठेवू नका, त्याच्याशेजारी बसून १४४१६ लावा आणि त्याच्या घरच्यांना कळवा. दवाखान्यात जायचं ठरलं तर केसपेपर काढण्याच्या रांगेपासून तुम्ही बरोबर राहा. एकट्याला पाठवलंत तर बरेच जण गेटवरूनच परत येतात.